लाल कागदामागचे घर

मी एक जुने घर आहे, मित्रांनो. पण घर म्हटल्याबरोबर तुम्ही दार, खिडक्या आणि गच्ची शोधू लागलात, तर फसाल. मी चपलांच्या खोक्याएवढे आहे. समोर काच, काचेवर चिकटवलेला लाल जिलेटिनचा कागद आणि आत पांढऱ्या प्लास्टरमध्ये कोरलेल्या लहानमोठ्या खोल्या, एवढाच माझा पसारा. मी मुंग्यांचे घर आहे. सध्या माझा मुक्काम कपाटावर आहे. माझ्या एका बाजूला बिघडलेला पंखा आणि दुसऱ्या बाजूला जुन्या उशांचे गाठोडे आहे. दोघेही तोंड उघडत नाहीत. बोलायला कोणी नसले की मनात फार साठत जाते, म्हणून आज तुम्हालाच सगळे सांगायचे ठरवले आहे.

माझा जन्म दातांच्या साच्यांमध्ये झाला. हसू नका, खरेच सांगते. ज्या बाईने मला घडवले, ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. लोकांच्या जबड्यांचे ठसे तिच्याकडे येतात. त्यांत ती प्लास्टर ओतते आणि जबड्याचा साचा तयार करते. असे साचे तिच्या कामाच्या जागी फळीवर ओळीने मांडलेले असत, सगळे आ वासून. तीच माझी भावंडे. एके दिवशी काम संपल्यावर तिने उरलेले प्लास्टर काचेच्या पेटीत ओतले, बुडबुडे निघून जावेत म्हणून पेटी हलकेच आपटली आणि मेण कोरायच्या बारीक सुरीने माझ्यात खोल्या कोरल्या. दोन खोल्यांमध्ये अरुंद वाटा ठेवल्या. एका टोकाला स्पंजाचा तुकडा बसवला, म्हणजे त्यावर पाणी घातले की माझे ते टोक ओलसर राहावे आणि दुसरे कोरडे. फळीवरच्या भावंडांचा निरोप घेऊन मी तिच्या पिशवीतून घरी आले.

हा सारा खटाटोप तिने आपल्या वडिलांसाठी केला होता. तिला मी आपली 'लेक' म्हणते, कारण बाबा तिची ओळख तशीच करून देत, "ही माझी लेक." बाबा घड्याळे दुरुस्त करत. चौकातल्या चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यांचे आयुष्य गेले. बंद घड्याळ घेऊन कोणी पायरी चढले की ते हात पुढे करून म्हणत, "बंद पडलंय ना? द्या इकडे, चालू करून देतो." आणि चालू करून देत. लेकीची आई आजारी पडली तेव्हा मात्र त्यांच्या हातात काही नव्हते. ती गेल्यावर त्यांनी दुकानाला कुलूप लावले आणि भिंग, चिमटे आणि कामाचा दिवा घेऊन ते लेकीकडे राहायला आले. आले आणि मुके झाल्यासारखे खिडकीपाशी बसून राहिले.

लेक संध्याकाळी दमून येई, स्वयंपाक करी आणि दारातून हाक मारी, "बाबा, जेवायला चला."

"ठेव झाकून. जेवतो मागून," एवढेच उत्तर मिळे.

मग झाकलेले ताट बाबांच्या खोलीत जाई आणि लेक स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच चार घास पोटात ढकली. आई होती तेव्हा ती आणि बाबा सुट्टीच्या दिवशी इकडे येत, तिघे एकत्र बसत आणि जेवण संपले तरी गप्पा संपत नसत, असे लेक शेजारच्या मावशींना सांगताना मी ऐकले आहे. बाबांनी पुन्हा माणसांत यावे म्हणून तिने काय काय केले! रेडिओ आणला, बागेत नेले, त्यांच्या जुन्या मित्रांना चहाला बोलावले. मित्र चहा पिऊन गेले, बाबा खिडकीतच राहिले.

मग एक दिवस न्हाणीघरात एक भलीमोठी काळी मुंगी निघाली. लेकीने चप्पल उगारली. मागून बाबा म्हणाले, "थांब. मारू नकोस."

"मुंगळा आहे बाबा. चावेल."

"मुंगळा नाही. जरा भिंग आण माझं." त्यांनी खाली बसून नीट पाहिले. "हे बघ, पाठीवर पंख झडल्याच्या खुणा आहेत. राणी आहे ही. घर शोधत फिरतेय बिचारी."

कित्येक दिवसांत बाबा एका दमात एवढे बोलले नव्हते. लेकीने चप्पल हळूच पायात घातली आणि औषधाची रिकामी बाटली धुऊन आणली. बाटलीत ओला कापूस घालून त्यांनी राणीला खणातल्या अंधारात ठेवले. लेकीने मोबाइलवर शोध शोध शोधले. अशी राणी एकटीच अंडी घालते, पहिली पिल्ले मोठी होईपर्यंत काही खात नाही, अंगातल्या साठ्यावरच त्यांना पोसते आणि तिला सारखे उघडून पाहिले तर घाबरून स्वतःची अंडी खाऊन टाकते, असे तिला समजले. बाबांना खण न उघडता राहवत नसे. ते खणाशी जाऊन हात मागे घेत. अखेर बाटलीत पाच-सहा चिमुकल्या मुंग्या वळवळू लागल्या, बाटली अपुरी पडू लागली आणि माझी गरज निर्माण झाली.

तुम्हाला वाटेल, एवढ्या खोल्यांचे घर मिळाल्यावर मुंग्या हरखून गेल्या असतील. तसे नसते. मोजक्या मुंग्यांना मोठे घर दिले तर त्या रिकाम्या खोल्यांत कचरा टाकतात आणि तिथे बुरशी धरते. म्हणून लेकीने माझ्या बऱ्याच खोल्या कापसाच्या बोळ्यांनी बंद केल्या आणि मुंग्या वाढतील तसा एकेक बोळा काढायचे ठरले. मुंग्यांना लाल रंग धड दिसत नाही, म्हणून काचेवर लाल कागद लावला, म्हणजे आत त्यांना अंधारच वाटे. त्यावरून काळे फडके टाकले. बाहेर जायला एक नळी आणि नळीच्या टोकाला प्लास्टिकचा उघडा डबा. तो डबा म्हणजे मुंग्यांचे अंगण. अंगणाच्या काठाला आतून पावडर लावलेली असे, म्हणजे त्यांचे पाय घसरून त्या बाहेर पडत नसत.

आता बाबांची सकाळ माझ्यापासून सुरू होई. ते फडक्याचा कोपरा उचलत, भिंग लावत आणि राणीला शोधत. ती दिसली की "आहे, आहे" असे पुटपुटत चहाचा कप उचलत. ती आतल्या खोलीत दडून बसली असेल तर चहा निवून जाई. राणी आहे तोवर बाबा अंथरुणातून उठतील, हे लेकीला कळले होते आणि मलाही. त्यामुळे त्या एका मुंगीची आम्हाला फार धास्ती वाटे.

बाबा शिकले मात्र भराभर. मधाच्या थेंबात ते पाणी मिसळत. मेलेला डास, माशीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा कण, असे काहीबाही अंगणात ठेवत आणि उरलेले दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलत. मुंग्या पिल्लांना ओल्या खोलीतून कोरड्या खोलीत नेऊ लागल्या की पाणी जास्त झाले आणि उलट नेऊ लागल्या की कमी पडले, हे त्यांनी बघून बघून ओळखले. पहिल्यांदा त्यांनी कोपऱ्यातला कचराही घड्याळातली धूळ झटकावी तसा झटकून टाकला होता. मुंग्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कोपऱ्यात ढीग घातला. त्यात रिकामे कोश होते, माशीचे पाय होते आणि त्यांच्याच मेलेल्या बहिणीही होत्या. मग बाबांनी त्या कोपऱ्याला हात लावला नाही. "त्यांचं त्यांना कळतं," म्हणाले.

शेजारच्या मावशींना मात्र हे काही पटेना. त्यांनी आपल्या उंबऱ्यावर मुंग्या मारायच्या खडूची जाड रेघ ओढली. "जग मुंग्या घालवतंय आणि तुम्ही त्यांना मध चाटवताय. धन्य आहे!" पण मनाने त्या चांगल्या. एकदा कागदात गुंडाळून झुरळ घेऊन आल्या.

"औषध मारलंय का याच्यावर?" बाबांनी विचारले.

"मग काय हाताने पकडलं? मारलं म्हणून तर मेलं."

"मग नको. अख्खं घर मरेल माझं."

'माझं घर' हे शब्द ऐकून माझे प्लास्टर नुसते सुखावले! ते दिवस माझ्या वैभवाचे होते. एकेक बोळा निघत गेला. खोल्या भरल्या. माझ्या अंगावरून हजार पाय चालत आणि मला गुदगुल्या होत. सगळ्यांत सुंदर काय होते ते सांगू? बाहेरून मध पिऊन आलेली मुंगी दुसरीच्या तोंडाला तोंड लावून तिला थेंब देई. ती तिसरीला देई. तिसरी पिल्लाला भरवी आणि शेवटी राणीपर्यंत तो मध पोहोचे. कोणी एकटीने जेवत नसे. आणि काचेपलीकडे बाबा एकटे बसून झाकलेले ताट उघडत. मला ते बघवत नसे.

मग थंडी आली. मुंग्या हळूहळू मंदावल्या. राणीभोवती गोळा होऊन एका खोलीत दाटीवाटीने बसून राहिल्या. मधाचा थेंब तसाच सुकला. बाबांनी काचेवर टिचकी मारली, तरी एखादीचीच मिशी हलली.

"बाबा, थंडीत त्या अशाच बसतात म्हणे," लेक कामावर निघता निघता म्हणाली. "विश्रांती घेतायत. राहू द्या."

"अशा कशा बसतील? आठवड्यापूर्वी पळत होत्या. आता बंद पडल्यात."

"बंद नाही पडल्या हो. थांबल्यात नुसत्या. काही करू नका, माझी शपथ."

ती गेली. बाबा बराच वेळ माझ्यासमोर बसले. मग खोलीत कोणी नसताना ते म्हणाले, "द्या इकडे, चालू करून देतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी दुकानातून आणलेला दिवा काढला, त्याची मान वाकवली आणि तापणारा पिवळा बल्ब माझ्या काचेजवळ आणला.

मित्रांनो, घड्याळवाल्या माणसाला थांबलेले काही बघवत नाही, एवढीच त्यांची चूक. मुंग्या खरोखरच उठल्या. मिशा हलवत पळू लागल्या. बाबांचा चेहरा कसा उजळला! ते हसत होते, मान डोलावत होते. त्या उबेत आणि समाधानात त्यांना खुर्चीतच डुलकी लागली.

दिवा तसाच राहिला. माझी काच पोळू लागली. माझ्यातली ओल उडून गेली, स्पंज सुकून कडक झाला. मुंग्या पिल्लांना तोंडात धरून सैरावैरा धावत होत्या आणि जडशीळ राणीला ओढत पाण्याच्या टोकाकडे नेत होत्या. तिथे पाणी नव्हते. मी कोरडे पडत होते आणि मला हाक मारता येत नव्हती.

लेक आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिने झटकन दिवा बंद केला आणि स्पंजावर थेंब थेंब पाणी सोडले. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती बाबांवर ओरडली, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला! राहू द्या म्हटलं होतं ना!"

बाबा बावरून उठले. बल्बकडे पाहत म्हणाले, "चालू झाल्या होत्या गं."

लेकीचा राग तिथेच विरघळला. ती त्यांच्या खुर्चीशी उभी राहिली आणि मग स्वयंपाकघरात गेली. ताट झाकलेलेच आले.

बऱ्याच मुंग्या वाचल्या. राणीभोवती त्या पुन्हा गोळा झाल्या, तिला चाटू लागल्या, मिशांनी चाचपू लागल्या. बाबा रोज फडके उचलून म्हणत, "आहे, आहे. वाचली." मला मात्र खरे काय ते ठाऊक होते. तिचे पाय माझ्या फरशीवर टेकलेले होते, पण त्यांत जोर नव्हता. मेलेल्या राणीलाही मुंग्या कितीतरी दिवस सोडत नाहीत, मित्रांनो. तिच्या अंगाचा वास जाईपर्यंत त्या तिची सेवा करत राहतात. मला सगळे कळत होते आणि ते सांगायला जवळ कोणी नव्हते. त्या दिवसांइतके एकटे मला आधी कधी वाटले नव्हते.

एका सकाळी बाबांनी भिंग लावले ते काढलेच नाही. चहा निवला. लेक दारात आली.

"मिशा हलत नाहीयेत हिच्या," बाबा म्हणाले. "कधीची गेलीय ही. आणि या पोरी अजून चाटतायत तिला."

काही दिवसांनी मुंग्यांनीच राणीला ओढत त्या कोपऱ्यात नेले, जिथे त्यांच्या बहिणी होत्या. बाबा शेवटपर्यंत पाहत राहिले. त्यांनी डोळे पुसले, भिंग पुसले.

"बाबा, दुसरी राणी शोधू या का?" लेकीने विचारले.

"परकी मुंगी अंगणात पडली होती तेव्हा यांनी तिला फाडून टाकलं, आठवतं ना? नव्या राणीचे तुकडे करतील या."

"मग?"

"मग काय. आहेत तोवर नीट सांभाळायचं. मी घाई केली, त्यांना का शिक्षा?"

लेकीला वाटले होते, राणी गेली की बाबा अंथरुणाला चिकटतील. पण ते उठत राहिले. स्पंजावर पाणी घालत राहिले, मधाचा थेंब ठेवत राहिले. उरलेली पिल्ले मोठी झाली, आणि त्यांच्यानंतर पाळण्यात कोणी नव्हते. माझ्या खोल्या एकेक करून ओस पडू लागल्या. ज्या खोलीत कोणी उरत नसे, तिच्या तोंडाशी बाबा चिमट्याने कापसाचा बोळा बसवत. मी पुन्हा आक्रसत गेले. ज्या बोळ्यांच्या निघण्याने मी फुलले होते, तेच बोळे परत येताना पाहणे फार कठीण होते.

आणि एके दिवशी माझ्यात एकच मुंगी उरली.

मावशी म्हणाल्या, "आता तरी टाका ते खोकं! एका मुंगीसाठी कसला संसार मांडून बसलाय?"

"तिलाही तहान लागते हो," बाबा म्हणाले. जाताना मावशींनी दार हळू लावले.

त्या संध्याकाळी बाबांनी मधाचा थेंब ठेवला. मुंगी नळीतून अंगणात गेली, पोट टम्म फुगेपर्यंत प्यायली आणि परत आली. मग ती माझ्या उरलेल्या खोल्यांमधून फिरू लागली. प्रत्येक कोपऱ्यात थांबे, मिशा हलवी, तोंड उघडे आणि पुढे जाई. सगळ्या खोल्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरुवात करी.

"जरा ये गं इकडे," बाबांनी हाक मारली. लेक ओले हात पुसत आली. बाबांनी तिला भिंग दिले आणि शेजारचे स्टूल सरकवले. दोघे माझ्यासमोर बसले.

"काय शोधतेय ती?" लेकीने विचारले.

"कोणाला तरी द्यायचंय तिला. पोटात मध आहे ना, तो तिच्या एकटीचा नाहीच मुळी. वाटायला आणलाय तिने."

"आणि घ्यायला कोणी नाही."

"हं."

मुंगी माझ्या ओलसर टोकाशी पोहोचली, थांबली आणि परत फिरली. बाबांची नजर तिच्यावरून टेबलावरच्या झाकलेल्या ताटाकडे गेली. तिथून लेकीच्या हातांकडे गेली.

"तू कुठे जेवतेस रोज?" त्यांनी विचारले.

"ओट्यापाशी. उभ्यानेच उरकते."

"उभ्याने?"

लेकीने मान हलवली. बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्यांनी स्वतःच ते झाकलेले ताट उचलले.

"चल," ते म्हणाले. "आधी तू बस, मग मी बसतो. आणि तुझ्या आईच्या जागेवर काही ठेवू नकोस, मला समोर दिसू दे ती."

दोघे गेले. खोलीत मी आणि ती मुंगी उरलो. स्वयंपाकघरातून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा आणि पुष्कळ वेळाने कोणीतरी नाक पुसत हसल्याचा. मुंगी फिरत राहिली. शेवटी ती राणीच्या खोलीत गेली आणि जिथे राणी बसत असे तिथे बसली. सकाळी बाबांनी फडके उचलले तेव्हा ती हलली नाही. दिवा हाताशीच होता, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. "थांबली," एवढेच म्हणाले आणि फडके पुन्हा माझ्यावर घातले.

माझे काम संपले. काही दिवसांनी लेकीने मला पुसून कपाटावर ठेवले. आता सकाळी बाबा बागेत जातात, मित्रांना स्वतःहून चहाला बोलावतात. माझ्याकडे वर कोणी पाहत नाही. मी तक्रार करत नाही. पण खोटे कशाला बोलू, माझ्या फरशीवर पुन्हा पाय वाजावेत असे मला रोज वाटते.

मित्रांनो, तुम्ही कधी मुंग्या पाळल्यात तर त्यांना अंधार द्या, पाणी द्या आणि औषध न मारलेले अन्न द्या. सारखे उघडून पाहू नका. त्या थंडीत स्वस्थ बसल्या तर बसू द्या, दिवा घेऊन धावू नका. आणि एकच उरली तरी तिचा मधाचा थेंब चुकवू नका. तुमच्या घरात कोणी ताट झाकून ठेवायला सांगत असेल, तर तुमचे ताट घेऊन त्यांच्याजवळ जा. मुंगीला जे शोधूनही सापडले नाही, ते तुमच्या शेजारच्या खोलीत बसलेले असते.

आणि न्हाणीघरात पंख झडलेली एखादी राणी दिसली, तर मला खाली उतरवा. माझ्या खोल्या अजून शाबूत आहेत. बोळे तेवढे काढावे लागतील.

बाबा आता खोलीत आले आहेत. माझ्यावरचे फडके जरा घसरले होते, ते त्यांनी हात उंचावून नीट केले. पलीकडून लेकीची हाक आली, "बाबा, ताटं वाढलीत!"

"आलो, आलो," म्हणत त्यांनी खोलीतला दिवा मालवला.